प्रति: डाळिंबाची नवी पालवी पिवळी पडतेय

दादा, तुमच्या डाळिंबाच्या पिवळ्या पालवीवर वर कुणीतरी जिप्सम सुचवलंय, पण आधी मातीच्या ढेकळावर लिंबू पिळून बघा. फसफसलं तर जमीन चुनखडीची. तिथं जिप्समने सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कली याचा आकडा) उतरत नाही. ते चोपण, म्हणजे सोडियम साचलेल्या, जमिनीचं औषध.

शिरा हिरव्या नि मधला भाग पिवळा, म्हणजे लोहाची कमतरता. लोह मातीत असतं, पण सामू ८ च्या पुढे गेला की मुळांना मिळत नाही. नुसतं फेरस सल्फेट (लोहाचं साधं खत) टाकून आमचे दोन हंगाम वाया गेले, ते मातीत लगेच बांधलं जातं. शेणखतात मुरवून ड्रिपरखाली दिलं, सोबत सामू उतरवायला गंधक, तेव्हा पालवी हिरवी निघाली. गंधकाला ओल लागते आणि काही महिने लागतात, घाई करू नका. चिलेट (लोह मातीत अडकू न देणारं खत) घ्यायचं तर ईडीटीए प्रकारचं नको, ईडीडीएचए प्रकारचं घ्या. महाग आहे, पण अशा जमिनीत तेच टिकतं.