'वॉक-ऑफ'मध्ये चालत जातं कोण?

प्रश्न:

मुलाकडे बॉस्टनला आले आहे. संध्याकाळी घरात बेसबॉल लागतं. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बरंचसं अंदाजाने कळतं, पण 'वॉक-ऑफ' काही केल्या पचत नाही. समालोचक तो शब्द ओरडतो तेव्हा मैदानात चालताना कुणीच दिसत नाही. जिंकलेली पोरं उड्या मारत सुटतात, एकमेकांच्या डोक्यावर बादल्या ओततात. मग हा चालणारा कोण? शिवाय 'सेव्ह' आणि 'क्लोजर' यांना मराठीत काय म्हणावं? सून म्हणते, या फंदात पडू नका. पण खोड आहे, जात नाही.

उत्तर:

ताई, तो दिसत नाही कारण कॅमेरा त्याच्यावर नसतो. चालणारा म्हणजे हरलेला पिचर, त्यांचा गोलंदाज.

बेसबॉलमध्ये पाहुणा संघ आधी फलंदाजी करतो, यजमान नंतर. नवव्या, म्हणजे एरवी शेवटच्या, डावाच्या उत्तरार्धात यजमान पुढे गेले की सामना तिथेच संपतो. पाठलागात विजयी धाव निघाल्यावर आपल्याकडे षटक अर्धवट सोडतात, तसंच. पिचरला करण्यासारखं काही उरत नाही. चेंडू टाकायच्या उंचवट्यावरून उतरायचं आणि मान खाली घालून तंबूत परतायचं.

हा शब्द रुळवण्याचं श्रेय डेनिस एकर्सलीला देतात. ओकलंडचा हा पिचर सामना संपवणाऱ्या होमरनला, म्हणजे आपल्या षटकारासारख्या मैदानाबाहेरच्या फटक्याला, 'वॉक-ऑफ पीस' म्हणायचा. १९८८च्या एप्रिलमध्ये तो शब्द त्याच्या नावासकट छापून आला आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला त्याच्यावरच उलटला. लॉस एंजेलिस, वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना, नववा डाव. ओकलंड ४-३ ने पुढे, यजमान डॉजर्सचे दोन गडी बाद, तिसरा गेला की खेळ खलास. एकर्सलीने माइक डेव्हिसला चार बॉल, म्हणजे टप्प्याबाहेरचे चेंडू, टाकून फुकटात पहिल्या बेसवर जाऊ दिलं. मग दोन्ही पायांनी जायबंदी झालेला कर्क गिब्सन लंगडत बदली फलंदाज म्हणून आला. तीन बॉल, दोन स्ट्राइक झाले (तिसऱ्या स्ट्राइकला फलंदाज बाद) की डावखुऱ्याला एकर्सली बाहेरून आत वळणारा चेंडू, स्लायडर, टाकतो, हे डॉजर्सच्या माणसाने आधीच हेरून सांगितलं होतं. नेमका तोच आला. गिब्सनने निव्वळ हातांच्या जोरावर तो उजवीकडच्या प्रेक्षकांत भिरकावला. ५-४.

नंतर शब्दाने पक्षच बदलला. होता हरणाऱ्याचा, झाला जिंकणाऱ्याचा. आता साध्या फटक्याने सामना संपला तरी 'वॉक-ऑफ' म्हणतात. मला हे जरा खटकतं, पण शब्द कुणाचं ऐकत नाहीत.

पुरवणी:

नुसता 'वॉक' वेगळा बरं का. वर डेव्हिसला मिळाला तो 'वॉक', चार बॉल झाल्यावरचा आयता बेस. त्यावरूनच सामना संपला तर तो 'वॉक-ऑफ वॉक'. याचं मराठी करायला कुणी बसलं तर मी चहा घेऊन येतो.

आणखी एक प्रश्न:

म्हणजे एका चेंडूने बिचाऱ्याची कारकीर्द बुडाली?

उत्तर:

छे! तिथून तर ती चढली. मुळात एकर्सली दोन कारकिर्दी जगला. १९७५ साली क्लीव्हलँडकडून आला तो स्टार्टर म्हणून, म्हणजे सामना सुरू करणारा आणि जमेल तितके डाव ओढणारा. १९७७ मध्ये एका सामन्यात त्याने प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट मिळू दिली नाही. १९७८ मध्ये बॉस्टनसाठी २० सामने जिंकले. ताई, तुम्ही आहात तिथल्याच रेड सॉक्ससाठी. पुढे शिकागोत उतरती कळा लागली, दारू हाताबाहेर गेली. १९८७च्या सुरुवातीला उपचार घेऊन त्याने ती सोडली. हे तो स्वतः उघडपणे सांगत आला आहे.

त्याच वर्षी ओकलंडला गेला. तिथले मॅनेजर टोनी ला रुसा यांनी त्याला बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या जागी, बसवलं. एकेकाळच्या चांगल्या स्टार्टरला ही पायउतारच वाटणार. पण ला रुसांनी त्याच्याकडे प्रामुख्याने नववा डाव सोपवला. याआधीचे अखेरचे पिचर बऱ्याचदा दोन-तीन डाव टाकत. आज प्रत्येक संघ ज्या पद्धतीने क्लोजर, म्हणजे सामना संपवायला येणारा पिचर, वापरतो, ती घडी इथे बसली.

१९९० चा त्याचा हिशेब पाहा: ७३ पेक्षा जास्त डाव आणि दिलेले वॉक अवघे ४! डेव्हिसला दिलेला तो एक वॉक त्याला किती लागला असेल, याचा यावरून अंदाज यावा. १९९२ मध्ये ५१ सेव्ह, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. १९९८ ला थांबला तेव्हा १९७ विजय आणि ३९० सेव्ह नावावर होते. २००४ मध्ये हॉल ऑफ फेम. एका मोसमात २० विजय आणि दुसऱ्या एखाद्या मोसमात ५० सेव्ह हे त्याच्याखेरीज फक्त जॉन स्मोल्ट्झला साधलं.

मूळ प्रश्नकर्तीकडून:

वा, पण सेव्ह राहिलंच की.

उत्तर:

नियम असा: संघ जास्तीत जास्त तीन धावांनी पुढे असताना आलात, किमान एक डाव टाकलात आणि आघाडी राखून सामना संपवलात, की सेव्ह. मिळवण्याच्या आणखी एकदोन वाटा आहेत, त्या सोडा. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी ही मोजणी काढली, १९६९ पासून ती अधिकृत झाली.

'वाचवलेला सामना' मला चूक वाटतं. आपण पराभवाच्या तोंडातून सामना वाचवतो, इथे तर संघ पुढेच असतो. 'राखलेला सामना' म्हणा. आणि क्लोजरला 'राखणदार'.

प्रतिसाद:

कोकणातल्या माणसासमोर हा शब्द जपून. आमच्याकडे राखणदार म्हणजे गावाच्या वेशीवरचा. रात्री हद्दीत फिरतो आणि मानपान चुकला तर बघून घेतो. उद्या राखणदाराने तीन धावांची आघाडी घालवली असं लिहिलंत, तर आजी नारळ घेऊन निघेल.

प्रतिसाद:

राखणदार एकदम चपखल! नवव्या डावात दारातून आत येतो तेव्हा समोरच्यांच्या पोटात गोळाच येतो. पण बातमीत 'क्लोजर' राहू द्या, वाचकाला शोधायला सोपं. 'राखला' हे क्रियापद मात्र उचलतो. 'क्लोजर रिव्हेराने ६५२ सामने राखले' हे वाचायला कुठेच अडखळत नाही.

मूळ प्रश्नकर्तीकडून:

'राखला' पसंत आहे. सुनेला सांगते. आता समालोचक पिचरचं कौतुक करताना मध्येच 'चीज' म्हणतात ते काय?

उत्तर:

वेगवान चेंडू. एकर्सली निवृत्तीनंतर बरीच वर्षं बॉस्टनच्याच टीव्हीवर समालोचन करत होता आणि तिथेही हा शब्द त्याच्या तोंडी असायचा. खाण्याशी संबंध नाही.