सिकलसेल, इकोत टीआर 2.8: सिल्डेनाफिल सुरू करायची का?

नवापूर_ते_हडपसर
रुग्ण एसएस (दोन्ही जनुकं सिकलची), वय 26, वजन 52 किलो. दोन जिने चढला की धाप लागते. हिमोग्लोबिन 7.4, एलडीएच (पेशी फुटल्याची खूण) वाढलेलं. इकोत (हृदयाची सोनोग्राफी) टीआर व्हेलॉसिटी (उजव्या झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा वेग) 2.8 मीटर प्रति सेकंद, आरव्हीएसपी (उजव्या जवनिकेतला दाब) 41, शेरा ‘माइल्ड पल्मनरी हायपरटेन्शन’, म्हणजे फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत थोडा वाढलेला दाब. वेदनेच्या क्रायसिसमधून (सिकलसेलचं अचानक उठणारं दुखणं) डिस्चार्ज मिळाल्यावर नवव्या दिवशी हा इको झाला. सिल्डेनाफिल (फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) 20 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा लिहून दिलीय. हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलचं नेहमीचं औषध) चालू नाही. गोळी सुरू करावी का?

डॉपलरवाला
आधी 41 कुठून आले ते पाहा. वेगाचा वर्ग गुणिले चार, म्हणजे 31. वरचे 10 हे उजव्या कर्णिकेच्या दाबाचे, तेही अंदाजाने धरलेले. आयव्हीसी (हृदयाकडे येणारी खालची मोठी शीर) 21 मिलिमीटरच्या आत असेल आणि नाकाने झटकन श्वास ओढल्यावर निम्म्याहून जास्त मिटत असेल, तर तिथे 3 धरतात. मग तोच दाब 34 होतो! रिपोर्टात आयव्हीसीची ओळ आहे का?

शिवाय वेळ चुकली. क्रायसिसमध्ये आणि त्यानंतर काही दिवस हा दाब चढलेलाच असतो. किमान चार आठवडे दुखणं नसताना इको पुन्हा करा. हिमोग्लोबिन 7 च्या घरात असलं की हृदय जास्त रक्त ढकलतं, त्यानेही वेग वाढतो. एसएस प्रौढांत साधारण तीसेक टक्क्यांचा वेग 2.5 च्या वर निघतो; कॅथेटरने (हृदयात नळी घालून दाब मोजून) खरा आजार ठरतो तो सहा ते दहा टक्क्यांत.

लालपेशी
सहमत. सिल्डेनाफिल नुसत्या इकोवर नको. सिकलसेलमधली तिची चाचणी 2009 मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण गोळी घेणाऱ्यांना वेदनेचे क्रायसिस जास्त येत होते. कागद घेऊन हेमॅटॉलॉजिस्टकडे जा, लिहून देणाऱ्यांनाही हे विचारा.

पुढचा इकोही 2.5 ते 2.9 मध्ये आला तर एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तचाचणी) आणि सहा मिनिटांची चाल. प्रोबीएनपी 160 च्या वर किंवा चाल 333 मीटरच्या आत आली तर राइट हार्ट कॅथेटर. खुब्याचं हाड खराब असेल तर चालीचा आकडा फसवा (हे हमखास विसरलं जातं), आणि किडनी बिघडली असेल तर प्रोबीएनपी. फुफ्फुसातल्या जुन्या गुठळ्यांसाठी व्हीक्यू स्कॅन (हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा). सीटी अँजिओत त्या निसटू शकतात.

कॅथेटरमध्ये वेज प्रेशर (डाव्या हृदयाच्या दाबाचा अंदाज) हवंच. ते 15 च्या वर गेलं तर दोष डाव्या हृदयाचा, मग फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या उलट अंगावर येतात. त्या दिवशी उपाशी ठेवताना सलाईन लावायला सांगा, कोरडं पडलं की क्रायसिस.

नवापूर_ते_हडपसर
आयव्हीसीबद्दल रिपोर्टात काहीच नाही. मग आत्ता काय करायचं?

लालपेशी
खरं औषध राहूनच गेलंय, हायड्रॉक्सीयुरिया. पेशी फुटल्या की मोकळं हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतं, रक्तवाहिन्या आवळतात. मूळ तिथे आहे. 15 मिलिग्रॅम प्रतिकिलोने 780 येतात. कॅप्सूल 500 ची, म्हणून एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दोन. आधी सीबीसी, क्रिएटिनिन, मग डोस वाढवताना दर चार आठवड्यांनी सीबीसी. किडनी कमकुवत असेल तर सुरुवात निम्म्याने. मूल हवं असेल तर आधीच बोला. आणि झोपेतला ऑक्सिजन एकदा तपासून घ्या, बोटावरचं यंत्र मात्र सिकलसेलमध्ये दोनचार अंक इकडेतिकडे दाखवतं.