उबंटू अपग्रेड अर्ध्यात अडकलं : दुरुस्ती की फॉरमॅट? (बजेट २,५००, पक्की पावती हवी)

ग्रंथपाल_ताई :
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात काम करते. वाचनालयाचा लॅपटॉप २०१४ चा आहे. आय३ चौथी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क. त्यावर उबंटू २०.०४ (विंडोजसारखीच, पण फुकट लिनक्स सिस्टीम) आणि शेजारी जुनं विंडोज ८.१. पुस्तकांची दाखल नोंदवही आणि वर्गणीचा हिशेब लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये आहे.

२०.०४ चा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, तेव्हापासून 'अपग्रेड करा' अशी सूचना सारखी येत होती. २२.०४ वर जायला घेतलं तर आधी '/बूटमध्ये जागा कमी' म्हणून अडलं (/बूट म्हणजे सिस्टीम सुरू करणाऱ्या फायलींचा कप्पा). एका सभासदांच्या मुलाने जुने कर्नल (सिस्टीमच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या) उडवून जागा करून दिली, मग सुरू झालं. सगळं डाउनलोड होऊन इन्स्टॉल चालू असताना लाईट गेली. बॅटरी कधीचीच मेलेली, लॅपटॉप चार्जरवरच चालतो. जागच्या जागी बंद.

आता चालू केला की उबंटूचा लोगो फिरतो आणि स्क्रीन काळी. सुरुवातीच्या मेनूतून विंडोजही गायब.

प्रश्न दोन. हे दुरुस्त होईल की फॉरमॅटच? आणि समितीने २,५०० रुपये मंजूर केलेत, त्यात काय घ्यावं? जीएसटीची पावती हवी आणि वस्तू नवी हवी, सेकंडहँड ऑडिटला चालत नाही. बॅकअप पेनड्राइव्हवर आहे, पण गणपतीच्या आधीचा.

पेठेतला :
एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क. दुसरं काही वाचूच नका. मी माझ्या २०१३ च्या लॅपटॉपला २५६ जीबीची टाकली, आता बटण दाबून चष्मा घालेपर्यंत डेस्कटॉप समोर. तापकीर गल्लीत १,७०० ला मिळाली. नवीन एसएसडी, त्यावर नवीन उबंटू, विषय संपला.

बे_एरियाकर :
२०१४ चं मशीन? अहो सोडा आता ते. ५५-६० हजारांत १६ जीबीवाला छान लॅपटॉप येतो, पुढची सात-आठ वर्षं बघायला नको. मी इथे मुलीला मॅक मिनी घेऊन दिला, वीजही कमी खातो.

ट_ला_ट :
@बे_एरियाकर, ताईंनी २,५०० लिहिलंय. डॉलर नाहीत ते. (हलके घ्या)

निवांत_नाना :
लॅमिंग्टन रोडला बारा हजारांत कंपन्यांचे वापरलेले लॅपटॉप मिळतात, एकदम टकाटक. मी दोन घेतले. एकाचा कीबोर्ड गेला, पण दुसरा अजून चालतो.

कर्नल_पाटील :
उबंटूच्या नादी लागलात तिथेच घोळ झाला. आर्च लिनक्स टाका. रोलिंग असतं, म्हणजे थोडं थोडं सतत अपडेट होत राहतं, अपग्रेडची भानगडच नाही. मी रोज सकाळी चहाबरोबर अपडेट मारतो.

ट_ला_ट :
आणि दर रविवारी दुरुस्त करता, ते पण सांगा की.

कर्नल_पाटील :
दुरुस्तीतूनच शिकतो माणूस. तुम्ही नेक्स्ट-नेक्स्ट करणारे, तुम्हाला काय कळणार.

खटपट्या :
ताई, वरचं सगळं क्षणभर बाजूला ठेवा.

आधी डेटा. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर उबंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा, ८ जीबीचा पुरतो. त्यावरून बूट करून 'ट्राय उबंटू' निवडा (इन्स्टॉल नाही!) आणि डिस्कवरचं होम फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. हे झाल्याशिवाय पुढे काही करू नका.

मग लॅपटॉप नेहमीसारखा चालू करून मेनूत अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथून रिकव्हरी मोड, तिथून 'रूट'. खालच्या ओळी एकेक करून :

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /
डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल
एपीटी फुल-अपग्रेड

(इथे देवनागरीत लिहिलंय, टाकताना अर्थातच इंग्रजीत. टर्मिनलला मराठी बाणा कळत नाही.)

रिकव्हरीत नेट नसलं तरी बहुतेक अडणार नाही. हे अपग्रेड आधी सगळी पॅकेजं उतरवून ठेवतं, मगच बसवायला घेतं. तुमची लाईट दुसऱ्या टप्प्यात गेली, म्हणजे फायली डिस्कवरच आहेत. मध्ये एखाद्या सेटिंगच्या फायलीबद्दल 'जुनी ठेवू की नवी' असं विचारलं तर नुसतं एंटर दाबा, जुनी राहते.

एक विचारायचं राहिलं : त्या मुलाने जुने कर्नल कसे काढले? एपीटीने (पॅकेजं बसवणारी-काढणारी आज्ञा), की /बूटमध्ये जाऊन फायलीच डिलीट केल्या?

सातवी_खिडकी :
उबंटू प्रो घ्यायचं ना! पाच मशीनपर्यंत फुकट आहे, २०.०४ ला २०३० पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. नवीन व्हर्जनची हौस कशाला?

पेठेतला :
ते वैयक्तिक वापरापुरतं आहे. वाचनालय म्हणजे संस्था.

सातवी_खिडकी :
छोट्या व्यावसायिक कामालाही चालतं. आधी वाचा, मग बोला.

खटपट्या :
दोघंही थांबा. सल्ला वाईट नाही, पण उशिरा आला. मशीन आता धड २०.०४ ही नाही आणि २२.०४ ही नाही. प्रो कशाला लावणार?

ग्रंथपाल_ताई :
सगळ्यांचे आभार. डेटा सुखरूप निघाला, नोंदवही उघडून बघितली. जीव भांड्यात पडला.

@खटपट्या, त्या मुलाला फोन केला. त्याने /बूटमधल्या मोठ्या फायली बघून त्याच डिलीट केल्या होत्या. तुमची डीपीकेजीवाली ओळ टाकली, बरंच पुढे गेलं आणि शेवटी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' म्हणून थांबलं.

खटपट्या :
हीच शंका होती. फायली गेल्या, पण पॅकेजच्या नोंदीत ते कर्नल अजून 'बसवलेले' आहेत. म्हणून प्रत्येक वेळी सिस्टीम त्यांच्या बूटच्या फायली पुन्हा बनवायला जाते आणि /बूट परत भरतं. तुमच्याकडे पुस्तक फडताळातून काढलं पण रजिस्टरमधून खारीज केलं नाही, तसं झालंय हे.

आता असं करा :
१. युनेम -आर टाका. जो आकडा येईल तो कर्नल सध्या चालू आहे, त्याला हात लावायचा नाही.
२. डीपीकेजी -एल | ग्रेप लिनक्स-इमेज. यादी दिसेल.
३. चालू असलेला आणि सगळ्यात नवा हे दोन सोडून बाकीचे एकेक करून डीपीकेजी --पर्ज आणि पुढे पॅकेजचं पूर्ण नाव. इथे एपीटी वापरू नका, अर्धवट अवस्थेत ते 'डिपेंडन्सी अपूर्ण' म्हणून अडून बसतं. डीपीकेजीनेही एखाद्यावर कुरकुर केली तर काय म्हणतोय ते इथे टाका.
४. डीएफ -एच /बूट करून दीड-दोनशे एमबी मोकळे दिसले की पुन्हा डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, पुढे तेच.

बे_एरियाकर :
इतकी यातायात करण्यापेक्षा क्लाउडवर टाका ना सगळं. गुगल शीट्स. लॅपटॉप मेला तरी फरक पडत नाही.

ट_ला_ट :
लाईट गेली की वायफाय पण जातं हो. तुमच्याकडे नसेल जात.

मीच_तो :
वाचतोय. वाचनखूण साठवली.

वऱ्हाडी_ठेचा :
ताई, त्या विंडोज ८.१ मध्ये काही कामाचं आहे का? नसेल तर उडवूनच टाका, जागा मोकळी होईल.

ग्रंथपाल_ताई :
आहे ना. २०१० च्या आधीची सगळी पुस्तक यादी त्यात श्रीलिपीच्या (युनिकोड नसलेल्या जुन्या) फॉन्टमध्ये आहे. उबंटूत उघडली की नुसती चिन्हं दिसतात.

वऱ्हाडी_ठेचा :
अरे देवा. मग आधी ती युनिकोडमध्ये करून घ्या. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार तपासावे लागतात. आमच्या पतसंस्थेच्या यादीत 'कुलकर्णी'चे दहा प्रकार झाले होते.

पेठेतला :
युनिकोडमध्ये छापील मजकुराला मजा नाही राव. लग्नपत्रिका करून बघा युनिकोडमध्ये.

वऱ्हाडी_ठेचा :
यादी शोधायची आहे, छापायची नाही. युनिकोडमध्ये 'पाटील' शोधलं की पाटील सापडतो.

सातवी_खिडकी :
अवांतर : केरळात सगळ्या सरकारी शाळा उबंटूवर आधारलेली सिस्टीम वापरतात. आपल्याकडे मात्र अजून फॉन्टवरूनच भांडणं.

कर्नल_पाटील :
ते आर्चवर का नाही गेले, हा खरा प्रश्न.

निवांत_नाना :
ताई, मिंट टाकून बघा. मिंट २२ उबंटू २४.०४ वरच बनलंय, दिसायला विंडोजसारखं, आणि ते स्नॅपचं (उबंटूच्या वेगळ्या पद्धतीच्या पॅकेजांचं) लचांड नाही. माझी बायकोसुद्धा वापरते.

ट_ला_ट :
'बायकोसुद्धा' म्हणजे काय नाना? धागा कोणी काढलाय बघा जरा.

निवांत_नाना :
शब्द मागे. मिंट मात्र चांगलंच आहे.

पेठेतला :
+१ मिंट. आणि एसएसडीवर टाका. हार्ड डिस्कवर उबंटू २२.०४ म्हणजे शिक्षा. त्यात फायरफॉक्स स्नॅपमधून येतो, पहिल्यांदा उघडताना चहा होतो.

खटपट्या :
फायरफॉक्सचं खरं आहे, पण त्याला उपाय आहे. मोझिलाची स्वतःची एपीटी रिपॉझिटरी आहे, तिथून डेब (नेहमीचं साधं पॅकेज) घ्यायचा. त्यासाठी अख्खी सिस्टीम बदलायला नको.

ग्रंथपाल_ताई :
झालं! चार जुने कर्नल निघाले, /बूट मोकळं झालं, सगळ्या ओळी शेवटपर्यंत गेल्या. २२.०४ चा डेस्कटॉप दिसला. आता उरलेल्या दोन गोष्टी : वायफायचं चिन्हच नाही, आणि विंडोज मेनूत अजून नाही.

पेठेतला :
वायफाय गेलं म्हणजे कार्ड गेलं. ३०० रुपयांचा यूएसबी डोंगल घ्या. मीही तेच केलं.

खटपट्या :
कार्ड बहुतेक शाबूत आहे. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय टाकून नेटवर्कची ओळ इथे द्या.

ग्रंथपाल_ताई :
ब्रॉडकॉम बीसीएम ४३१४२ असं लिहिलंय.

खटपट्या :
वाटलंच. त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तेच कार्ड आहे. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नसतो, वेगळा बसवावा लागतो आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बनतो. तुमच्या गोंधळात ते बनणं राहून गेलं. मोबाइल यूएसबी केबलने जोडा, मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट लगेच येईल. मग :

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स

आणि रीस्टार्ट. इन्स्टॉल करताना सिक्युअर बूटसाठी पासवर्ड मागितला तर काहीतरी सोपा द्या. रीस्टार्टला निळी स्क्रीन येईल, तिथे 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड. बरेच लोक तिथे घाबरून 'कंटिन्यू' करतात आणि मग ड्रायव्हर चालत नाही म्हणून रडतात.

विंडोजचं : २२.०४ मधलं ग्रब (सुरुवातीचा मेनू दाखवणारा प्रोग्राम) दुसऱ्या सिस्टीम आपणहून शोधत नाही, ते मुद्दाम बंद केलेलं आहे. तुमचं विंडोज जागेवरच असणार. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाइल सुडोने उघडून शेवटी एक ओळ घाला : ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स (इंग्रजीत सगळी कॅपिटल, फॉल्स मात्र लहान लिपीत). मग सुडो अपडेट-ग्रब.

वऱ्हाडी_ठेचा :
आणि विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल, दचकू नका. लिनक्स मशीनचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज तीच वेळ स्थानिक समजतं. उबंटूत टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ केलं की मिटतं. आमच्याकडे यामुळे पावत्यांवर चुकीची वेळ पडत होती.

सातवी_खिडकी :
नेट नसेल तर मोबाइल केबलने जोडून टेदरिंग करता येतं, ते करून बघा.

ट_ला_ट :
वर तेच लिहिलंय की हो.

सातवी_खिडकी :
अनुमोदन दिलं म्हणा.

ग्रंथपाल_ताई :
वायफाय आलं, विंडोजही मेनूत आलं. घड्याळ खरंच साडेपाच तास मागे होतं! @खटपट्या, @वऱ्हाडी_ठेचा, मनापासून आभार. वाचनालयात कधी आलात तर आजीव सभासद करून घेते. २४.०४ चं मात्र आत्ता बघत नाही. २२.०४ ला एप्रिल २०२७ पर्यंत अपडेट मिळतात.

पेठेतला :
छान झालं. आता एसएसडी घेऊन टाका, २,५०० मध्ये वर चहापाण्यालाही उरतील.

निवांत_नाना :
एसएसडी + १.

बे_एरियाकर :
घ्यायचीच तर ५१२ जीबी घ्या. थोडंच जास्त जातं.

कर्नल_पाटील :
एसएसडी. इथे तरी माझं दुमत नाही.

ग्रंथपाल_ताई :
मंडळी, समितीपुढे ठेवलं आणि बॅटरी घेतली. २,१०० रुपये, पक्की पावती, सहा महिन्यांची वॉरंटी.

लॅपटॉप सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढ्यात मी वर्तमानपत्रं टेबलावर लावून घेते. हळू चालण्याने माझं काम अडत नाही, लाईट गेल्याने अडतं. आमच्याकडे ती आठवड्यातून दोनदा तरी जाते, आणि वर्गणीच्या दिवशी हमखास.

पेठेतला :
चूक करताय. दहा वर्षांची हार्ड डिस्क आज ना उद्या जाणारच. मग बॅटरी काय कामाची?

खटपट्या :
मीही एसएसडीच म्हणालो असतो. पण घेतलीच आहे तर 'डिस्क्स' नावाचं अ‍ॅप उघडून 'स्मार्ट' तपासणी करा. 'रिअलोकेटेड सेक्टर' समोर शून्याच्या जागी आकडा दिसला आणि तो वाढत गेला, तर समितीची पुढची बैठक लवकर बोलवा. आणि बॅकअप दर शनिवारी.

ग्रंथपाल_ताई :
शून्य आहे. शनिवारचं लिहून ठेवलं.

बे_एरियाकर :
२,१०० ची म्हणजे डुप्लिकेट बॅटरी असणार. मी तर ओरिजिनलच घेतो नेहमी.

निवांत_नाना :
बॅटरीवरून आठवलं, घरच्या इन्व्हर्टरला ट्युब्युलर चांगली की साधी? आमची पाणी फार पिते.

कर्नल_पाटील :
नवीन धागा काढा नाना. ट्युब्युलरच घ्या पण.