झाडांच्या चिकाची औषधं: परंपरेवर भरवसा कुठपर्यंत ठेवायचा?

रानवाटा:
गुग्गुळ, राळ, हिराबोळ, लोबान, रूमी मस्तकी... खोडातून गळणाऱ्या चिकाची औषधं जगभर शेकडो वर्षं वापरात आहेत, आणि विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एकाचं म्हणणं पूर्वजांना सगळं माहीत होतं, दुसऱ्याचं म्हणणं सगळं थोतांड. मला दोन्ही पटत नाही. जे डोळ्यांना दिसतं तिथं परंपरेच्या शब्दाला वजन द्यावं आणि जे दिसत नाही तिथं देऊ नये, असं माझं मत आहे. जखम भरली का, जुलाब थांबले का हे कळायला लॅब लागत नाही. पण रक्तातलं कोलेस्टेरॉल किंवा जठरातला जंतू कुणी बघितला होता?

फिनलंडच्या लॅपलंडमध्ये स्प्रूस झाडाच्या राळेचं मलम जखमांना लावायची जुनी पद्धत आहे. झाडाला इजा झाली की ते स्वतःच राळ सोडतं, चीर बुजते आणि बुरशी, किडे आत शिरत नाहीत, त्यामुळे त्यात जंतूंना मारणारं काही असणं स्वाभाविकच आहे. 2008 मध्ये अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या जखमांवर त्याची चाचणी छापून आली. शेवटपर्यंत टिकलेल्यांत राळेच्या गटात 13 पैकी 12 जण पूर्ण बरे झाले, नेहमीच्या ड्रेसिंगच्या गटात 9 पैकी 4.

दुसरं उदाहरण अमेझॉनच्या जंगलातल्या क्रोटन लेक्लेरी या झाडाचं. त्याचा रक्तासारखा लाल चीक तिथले लोक जखमेवर लावतात, जुलाबावर घेतात. त्यातूनच काढलेल्या क्रोफेलेमर या औषधाला 2012 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, एचआयव्हीच्या पेशंटच्या जुलाबासाठी मान्यता दिली. आतड्यात क्लोराइड आणि त्यामागोमाग पाणी सुटतं, ते हे औषध रोखतं.

आता उलट बाजू बघा. रूमी मस्तकी हेलिकोबॅक्टर या जठरातल्या जंतूला मारते असं 1998 मध्ये प्रयोगशाळेत दिसलं आणि फार गाजलं, पण 2003 च्या एका छोट्या चाचणीत पेशंटना 14 दिवस देऊनही जंतू होता तिथंच राहिला.

नीलमोहर:
हे ‘डोळ्यांना दिसतं’ प्रकरण मला अजिबात पटलेलं नाही. रक्त काढून ताप बरा होतो हेसुद्धा युरोपातल्या डॉक्टरांनी शेकडो वर्षं डोळ्यांनी बघितलंच होतं की! बहुतेक जखमा आपोआप भरतात, बहुतेक जुलाब दोन-चार दिवसात आपोआप थांबतात, आणि श्रेय त्या दिवशी जे लावलं किंवा घेतलं त्याला जातं. लॅपलंडच्या चाचणीत सुरुवातीला 37 पेशंट होते, संपेपर्यंत 22 उरले, म्हणजे इतके गळाले की त्या टक्केवारीवर मी फार भार टाकणार नाही. शिवाय राळेची ॲलर्जी काही क्वचितची गोष्ट नाही. पाइनची राळ म्हणजे कोलोफनी, ती चिकटपट्टीतही असते, आणि त्वचारोगवाले ॲलर्जीच्या पॅच टेस्टमध्ये ती नेहमी ठेवतात. उघड्या जखमेवर लावताना याचा विचार नको का?

सालई:
मी आयुर्वेदाची विद्यार्थिनी आहे, गुग्गुळावर बोलते. तो कोलेस्टेरॉल कमी करतो का याचा निकाल लावताना सगळे 2003 ची ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातली अमेरिकन चाचणी पुढे करतात. 103 जण, आठ आठवडे, आणि गुग्गुळवाल्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कमी व्हायच्या ऐवजी 4-5 टक्के वाढलं. मान्य. पण दिलं काय होतं? गुग्गुलस्टेरॉन या गुग्गुळातल्या घटकावर प्रमाणित केलेला अर्क. आम्ही असा देत नाही हो, आधी त्याचं शोधन म्हणजे शुद्धीकरण करतो. खड्यांमधून साल, वाळू निवडून काढायची, फडक्यात पुरचुंडी बांधून उकळत्या त्रिफळा काढ्यात ती टांगायची, गुग्गुळ हळूहळू काढ्यात उतरतो आणि गाळ फडक्यात राहतो, मग तो आटवून वाळवायचा आणि तूप लावत खलात मऊ होईपर्यंत कुटायचा. वर ग्रंथात नवा गुग्गुळ बृंहण (अंग भरणारा) आणि जुना लेखन (मेद खरवडणारा) असा भेद सांगितलाय, म्हणजे मेद कमी करायला जुनाच हवा. हे सगळं बाजूला ठेवून ‘गुग्गुळ फेल’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

नीलमोहर:
@सालई, मग 1994 च्या भारतीय चाचणीचं काय? 61 पेशंट, 24 आठवडे, एलडीएल साडेबारा टक्के उतरलं, गुग्गुळाच्या बाजूनं बोलणारा प्रत्येक जण ती सांगतो. त्यातही अर्कच होता. निकाल हवा तसा आला की अर्क चालतो, नको तसा आला की शोधन आठवतं, हे बरोबर नाही. आणि अमेरिकेतल्या त्या चाचणीत गुग्गुळ घेणाऱ्या सहा जणांना अंगावर पुरळ उठलं होतं.

सालई:
ती चाचणी मी सांगितलेलीच नाही. अर्काच्या दोन्ही चाचण्या बाजूला ठेवा आणि शोधन केलेल्या गुग्गुळाची तेवढ्याच कडक पद्धतीनं चाचणी घ्या, इतकंच माझं म्हणणं आहे. त्यात फेल गेला तर मी मान्य करीन. पुरळाचं म्हणाल तर शोधनाचा एक हेतूच मुळी त्रास कमी करणं हा आहे.

रानवाटा:
@नीलमोहर, रक्त काढण्याचा मुद्दा जोरदार आहे, पण मी परंपरेला निकाल म्हटलेलं नाही, वजन म्हटलंय. हजार वनस्पतींमधून आधी कुठली तपासायची हे तिच्यावरून ठरवा. क्रोफेलेमर असंच मिळालं आणि नंतर प्लासिबोसमोर, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीसमोर, उभं राहून पास झालं. सालई नावाच्या झाडाच्या डिंकाचंही तसंच, गुडघेदुखीसाठी नागपूरला 30 पेशंटवर प्लासिबो ठेवून झालेला अभ्यास 2003 मध्ये छापून आला, दुखणं आणि सूज दोन्ही कमी झाली. तीसच जण आहेत, पण दिशा तर कळते ना.

कोरडवाहू:
चाचण्या घ्या जरूर, पण झाड उरलंय का ते कुणीच विचारलं नाही. गुग्गुळाचं झुडूप कच्छ, राजस्थान आणि सिंधच्या कोरड्या पट्ट्यात वाढतं, तेही सावकाश, आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत ते अतिसंकटग्रस्त आहे. जास्त डिंक मिळावा म्हणून खोल खाचा पाडतात, रसायनं भरतात, डिंक भरपूर येतो आणि झाड वाळून जातं. तुमचा हा ‘जुना गुग्गुळ’ येणार कुठून? लागवडीचा असेल तरच वापरायचा असं वैद्यांनीच ठरवलं पाहिजे, आणि हे मी अगदी कळकळीनं म्हणतोय.

खलबत्ता:
मी फार्मसीत काम करते. एक व्यवहारातली गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. गुग्गुळानं प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम या बीपी-हृदयाच्या औषधांचं रक्तातलं प्रमाण घटतं असं 1994 मध्येच छापून आलंय. लोक चिकाची औषधं ‘नॅचरल’ म्हणून डॉक्टरला सांगतच नाहीत, आणि मग बीपी का वाढलं ते कुणालाच कळत नाही.

सालई:
@खलबत्ता, हे अगदी खरं. शोधन केलेल्या गुग्गुळानं असं होणार नाही असं मी म्हणणार नाही, कारण तसं तपासलेलं माझ्या वाचनात नाही. पेशंटच्या चालू गोळ्या विचारल्याशिवाय गुग्गुळ देऊ नये. @कोरडवाहू, लागवडीबद्दल मी तुमच्याच बाजूची आहे, फक्त लागवडीचा म्हणून विकला जातो तो खरंच लागवडीचा आहे हे ओळखायचं कसं तेवढं सांगा.