स्वस्तातला बेस: पिकअप बदलू की आधी आणखी काही?

नादखुळा_सातारा

नमस्कार मंडळी. एका ओळखीच्या मुलाकडून सेकंडहँड बेस गिटार घेतला आहे. चार तारा, ३४ इंची स्केल, पी-जे पिकअप (तारांचा आवाज टिपणारे चुंबकी भाग: मध्ये पी जातीचा, तारा बॉडीवर अडकतात त्या ब्रिजकडे जे जातीचा), दोन व्हॉल्यूम, एक टोन, बॅटरी वगैरे नाही. नवा असताना पंधरा-सोळा हजारांचा असेल. आमचा ऑर्केस्ट्रा आहे. लग्नं, गणपती, नवरात्र, त्यात जुनी हिंदी गाणी आणि कोळीगीतं जास्त.

त्रास असा की पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) दाबायला फार जोर लागतो. चार-पाच गाणी झाली की डावं मनगट भरून येतं. हात नेकवरून खाली-वर नेताना फ्रेटची टोकं तळव्याला ओरखडतात. ए ची तार मोकळी वाजवली की झणझणते, दाबून वाजवली की ठीक. हॉलमध्ये आवाज नुसता गढूळ येतो, सूर कळत नाही. ब्रिजकडचा पिकअप एकटा लावला की घूंऽऽ चालू होतं. शिवाय हात सोडला की हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांकडचं टोक, जमिनीकडे जातो.

खर्च आठ-दहा हजारांपर्यंत करू शकतो. इथल्या एका दुकानदाराने पिकअप आणि ब्रिज दोन्ही बदला म्हणून सांगितलं. करू का?

घोडबंदर_ग्रूव्ह

माझं मत वेगळं आहे. दहा हजार या बेसमध्ये घालू नका. तो विकून येतील ते पैसे आणि हे दहा एकत्र करा आणि एक पायरी वरचा बेस घ्या. सुट्या भागांचे पैसे विकताना कुणी देत नाही. तोवर फक्त नव्या तारा घाला.

मंद्रातली

विकायची घाई करू नका आणि पिकअपलाही अजून हात लावू नका. मी सांगलीत घरी बेस आणि गिटारांचं सेटिंग करून देते. या किमतीचे बेस माझ्याकडे सतत येतात आणि त्यांची दुखणी जवळजवळ तुमच्यासारखीच असतात. लाकूड बरं असतं, पिकअपही कामापुरते ठीक असतात. कारखान्यात राहून गेलेलं असतं ते हाताने करायचं, वेळखाऊ काम. तेवढं तुम्ही पुरं करा.

सुरुवात तारांपासून, कारण तारांचा ताण बदलला की पुढची सगळी मापं बदलतात. जुनी हिंदी गाणी वाजवणार असाल तर फ्लॅटवाउंड तारा, म्हणजे वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या गुळगुळीत तारा, घ्याच. साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत बेसला फ्लॅटच तारा असत. मोटाउन या अमेरिकन कंपनीच्या रेकॉर्डांवर बेसवादक जेम्स जेमर्सनचा जो गोल, जाड आवाज आहे तो फेंडरच्या प्रिसिजन बेसवरच्या फ्लॅट तारांचा. कोळीगीतात ढोलकीच्या बरोबरीने बेस चालतो, तिथेही हा आवाज फार छान बसतो. ४५ ते १०० चा संच पुरे (आकडा तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजारांशात), १०५ च्या मागे लागू नका. फ्लॅटचा ताण थोडा जास्त असतो, म्हणून तारा चढवा, सुरात लावा आणि बेस रात्रभर तसाच ठेवा.

दुसऱ्या दिवशी नेक बघा. ई ची तार पहिल्या फ्रेटवर डाव्या हाताने आणि बॉडीला नेक मिळतो तिथल्या फ्रेटवर उजव्या हाताने दाबा. मग सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात फट किती राहते ते पाहा. साधारण ०.३ मिलिमीटर हवी, म्हणजे साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली त्याचा बाक ठरवणारी सळई, घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, परत सुरात लावायचं, परत बघायचं. रॉड घट्ट लागला तर थांबा, जोर करू नका. चावी मात्र नेमकी हवी. काही बेसना ४ मिलिमीटरची लागते, काहींना ५ ची, काहींना ३/१६ इंची. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिलिमीटर. त्यात ५ ची जात नाही आणि साडेचारची सैल फिरून आतले कोपरे खाते. कोपरे गेले की तो नेक कामातून गेला.

आता नट, म्हणजे हेडस्टॉकपाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी. तुमचं मनगट आणि ती झणझणणारी ए, दोन्हींचं मूळ बहुतेक इथेच आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर नजर टाका. तार फ्रेटला टेकता टेकता राहिली पाहिजे, मधून वहीचा कागद जेमतेम जाईल इतकीच. तुमच्या बेसवर तिथे भलं मोठं अंतर दिसेल याची मला खात्री आहे. कारखान्यात खाचा उथळच ठेवतात. खोल करायला प्रत्येक खाच हाताने घासावी लागते आणि जास्त घासली गेली तर नट बाद.

झणझणीचं कारण खाचेच्या उताराचं आहे. खाचेचा सर्वांत उंच बिंदू फिंगरबोर्डाच्या बाजूच्या कडेला हवा आणि तिथून खाच खुंट्यांकडे उतरत जायला हवी. तार त्या कडेवरून स्वच्छ सुटते. उंचवटा मागे गेला किंवा खाच सपाट राहिली की तार सुटताना खाचेच्या तळावर घासत राहते. तंबोऱ्याच्या घोडीवर हेच मुद्दाम करतात. घोडीचा माथा किंचित गोलसर घासून तार त्यावर लोळवत ठेवतात, ती जवारी. मिरजेत ती काढणाऱ्याच्या शेजारी बसून बघा, केसाएवढं घासलं की नाद कसा उघडतो ते. तंबोऱ्याला हवी ती गोष्ट बेसला नको, पण काम त्याच जागी, त्याच नजाकतीने करायचं असतं.

खाचा घासायला परदेशी कानशींचा संच महाग पडतो. सोनारकामाच्या हत्यारांच्या दुकानात बारीक गोल कानशी मिळतात, त्या चालतात. १०० ची ई तार म्हणजे २.५४ मिलिमीटर. खाच तिच्यापेक्षा जराशीच रुंद हवी, नाहीतर तार आडवी हलते. कानस हेडस्टॉककडे झुकवून धरा, दोन-तीन हात मारा, तार परत बसवून बघा. पहिल्या फ्रेटवर फट दिसेनाशी व्हायच्या आधी थांबा. चुकून खोल गेलीच तर खाच खायच्या सोड्याने भरा, वर फेव्हिक्विकचा थेंब टाका. दगडासारखं कडक होतं, त्यात नवी खाच घासता येते. माझ्या स्वतःच्या बेसचा नट मिरजेतल्या तंबोरे बनवणाऱ्या कारागिराने हाडाचा करून दिला आहे. हाडावर त्या लोकांचा हात बसलेला असतो. मात्र हाडाच्या नटाने आवाज पालटेल या आशेवर राहू नका. तार फ्रेटवर दाबली की नटाचा संबंध संपतो, फरक फक्त मोकळ्या तारांना.

फ्रेटची टोकं टोचतात कारण लाकूड सुकून आकसलं, धातू होता तेवढाच राहिला. २०१७ साली शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधनं आली तेव्हापासून स्वस्त वाद्यांचे फिंगरबोर्ड इंडियन लॉरेलचे येऊ लागले. इंडियन लॉरेल म्हणजे आपल्या सह्याद्रीतला ऐन. लाकूड उत्तम आहे, फक्त कोरडं पडू द्यायचं नाही. फिंगरबोर्डाच्या कडेला मास्किंग टेप लावा, सपाट बारीक कानस नेकला समांतर फिरवून टोकं कडेशी आणा, मग प्रत्येक टोकाचा कोपरा हलकेच मोडा. शेवटी ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर. टेप काढून फिंगरबोर्डाला थोडं लेमन ऑइल चोळा. घरातलं खोबरेल किंवा गोडंतेल नको, ते चिकट होतं. फिंगरबोर्ड पांढरट, वॉर्निश केलेला मेपलचा असेल तर तेलाची गरजच नाही.

मग तारांची उंची. सतराव्या फ्रेटवर ई साधारण २.४ आणि जी २ मिलिमीटर ठेवा. सॅडल (ब्रिजवरचे तार टेकवणारे सरकते तुकडे) पूर्ण खाली नेऊनही उंची उतरत नसेल तर कळवा, बॉडीत नेक बसतो त्या खोबणीत पातळ चकती घालावी लागेल. उंची झाल्यावर बाराव्या फ्रेटवर ट्यूनर लावून सूर तपासा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे.

ब्रिज बदलू नका. तुमचा साधा वाकवलेला पत्र्याचा ब्रिज असेल, तर तसलाच ब्रिज १९६० च्या फेंडर जाझ बेसवरही होता. हेडस्टॉक पडतो त्याला रुंद, आतून खरखरीत चामड्याचा पट्टा घ्या. खांद्यावर घसरत नाही.

राहिला गढूळपणा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मधल्या पिकअपची उंची बघा: ई खाली २.८, जी खाली २ मिलिमीटरच्या आसपास. पिकअप फार वर असेल तर आवाज फुगतो. आणि अँपवरचा बेसचा नॉब सरळ मध्यावर आणा. मोकळ्या ई चा मूळ सूर ४१ हर्ट्झचा. मंडपातला लहान अँप तो धड देऊच शकत नाही, कानाला सूर कळतो तो ८२ आणि त्यावरच्या स्वरांशांमधून. नॉब उघडला की वाढतो तो फक्त गढूळपणा. २०० ते ३०० हर्ट्झ थोडं कमी करून बघा.

डाग_आणि_वायर (पुणे)

मंद्रातली यांनी लाकडाचं सगळं सांगितलं. मी विजेच्या बाजूचं सांगतो, कारण घूंऽऽ सेटिंगने जाणार नाही.

पी पिकअप दोन तुकड्यांचा असतो, १९५७ पासून असाच. दोन कॉइल उलटसुलट असल्याने त्यांची गुणगुण एकमेकींना मारते. जे पिकअप एकाच कॉइलचा. जाझ बेसवर असे दोन असतात आणि ते एकमेकांचं घूं खातात, पी-जे बेसमध्ये त्या एकट्याला जोडीदारच नाही. म्हणून ५० हर्ट्झचं घूं त्याच्यात येणारच. तांब्याची टेप लावून ते जात नाही. टेपने जाते ती वरची चिरचिर, ट्यूबलाइट आणि डिमरची. तरीही टेप लावा, स्वस्त आहे. गोंद वीजवाहक असलेलीच घ्या, तुकडे एकमेकांवर चढवा, मल्टिमीटरने टोकापासून टोकापर्यंत जोडणी तपासा. जॅकचं गरम टोक टेपला चिकटणार नाही एवढं बघा, नाहीतर आवाज बंद.

तारांना हात लावला की आवाज कमी होतो का? होत असेल तर ब्रिजखालची ग्राउंडची वायर शाबूत आहे. फरकच पडत नसेल तर ती आधी जोडा.

खरखरणारे पॉट (नॉबखालचे फिरते रोधक) बदलणार असाल तर २५० के, म्हणजे २५० किलोओहमचेच. स्वस्त बेसमध्ये छोटे पॉट असतात, भोक ७ मिलिमीटरच्या आसपासचं. मोठ्या पॉटला साडेनऊचं लागतं. भोक वाढवायचं नसेल तर छोटेच पण चांगले घ्या. टोनचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा, त्यावर ४७३ लिहिलेलं असतं. तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. भारीतला भारी घेऊन आवाज सुधारत नाही, किंमत बदलली की मात्र बदलतो. टोन बंद केल्यावर आणखी जाड, जुना आवाज हवा तर ०.१ लावून बघा, पन्नाशीतल्या प्रिसिजनवर तोच होता. या एका बाबतीत मंद्रातलींच्या पुढे जाऊन सांगतो: सेटिंग झाल्यावर पैसे उरलेच तर ब्रिजकडच्या पिकअपवर घाला, एकावर एक दोन कॉइल असलेला. जुन्याच जागेत बसतो आणि घूं जातं.

आणि एक कळकळीचं. बेसच्या तारा ब्रिजवरून ग्राउंडला जोडलेल्या असतात. मंडपात जनरेटर असतो, अर्थिंग नसतं किंवा अँप एका फेजवर आणि मिक्सर दुसऱ्यावर. अशा वेळी तारांवर हात आणि ओठ माइकला लागले की जोरात झटका बसतो, जिवावरही बेतू शकतं. गाणं म्हणत वाजवत असाल तर सुरू करण्याआधी टेस्टर माइकच्या जाळीला आणि तारांना लावून बघा. दिवा लागला तर वाजवूच नका, मंडपवाल्याला अर्थिंग करायला लावा.

नादखुळा_सातारा

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. घोडबंदरचेही, पण बेस विकत नाही.

फ्लॅट तारा घातल्या. नेकची फट कार्डापेक्षा बरीच जास्त होती, ती उतरवली. नटाचं काम एका सोनार मित्राने माझ्यासमोर बसून केलं, ए ची झणझण पूर्ण गेली. पहिल्या फ्रेटवरचा एफ आता बोट ठेवलं की वाजतो! नवरात्रात आख्खा कार्यक्रम वाजवला, मनगट ठणकलं नाही. की-बोर्डवाल्याने विचारलं नवा बेस घेतला का. टेस्टर आता बॅगेतच असतो.

एक राहिलं. ई आणि ए चे सॅडल तळाला टेकलेत, तरी सतराव्यावर ई तीन मिलिमीटरच्या वर आहे.

मंद्रातली

वा, एफ सुटला म्हणजे मोठं काम झालं.

आता चकती. तारा पूर्ण सैल करा, नेकचे चार स्क्रू काढा. खोबणीत, बॉडीच्या आतल्या टोकाकडे, म्हणजे ब्रिजच्या बाजूला, जुन्या एटीएम कार्डाची अर्ध्या इंचाची पट्टी स्क्रूंच्या भोकांना न अडवता ठेवा. कार्ड पाऊण मिलिमीटरचं असतं, बहुधा तेवढंच पुरेल. बसवताना स्क्रू आधी उलटे फिरवून जुने आटे सापडू द्या, खट् असा आवाज येतो, मग घट्ट करा. नेक घट्ट झाला की तारा सुरात, नेकची फट परत बघायची, उंची, मग बाराव्या फ्रेटचा सूर.

सॅडल आता वर घ्यावे लागतील, तसं झालं की समजा पट्टी नीट बसली. पट्टी लाकडाचीच हवी असेल तर पुढे कधी सांगलीला येणं झालं की पूर्ण खोबणीभर उताराची करून देईन, नेकला सगळीकडून टेकू मिळतो. तोवर कार्डावर खुशाल वाजवा.