मदत हवी आहे: चूक माझी होती, बोलणी मशीन लावून देणाऱ्या सेटरने खाल्ली. आता सगळ्यांसमोर कसं सांगू?

बेळगावात उद्यमबागला एका मशीन शॉपमध्ये प्रॉडक्शन बघतो. हाताखाली चौदा माणसं, निम्मी मराठी, निम्मी कन्नड.

गेल्या महिन्यात एका हाउसिंगचं ड्रॉइंग बदलून आलं. ४० मिलिमीटरचा बोर (आतलं भोक) आधी एच ८ या सवलतीचा होता, म्हणजे ३९ मायक्रॉनपर्यंत मोठा चालायचा. नव्या रिव्हिजनमध्ये एच ७, म्हणजे २५ पर्यंतच. ईमेल मलाच आला होता. नवी प्रिंट काढायची माझ्याकडून राहिली आणि मशीनवर जुनंच ड्रॉइंग राहिलं. सेटरने त्याप्रमाणे अगदी बरोबर काम केलं. ४८ जॉब परत आले, सगळे स्क्रॅप.

मालकांनी शॉपमध्येच सेटरला झापलं. सेटर खानापूरहून येतात, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, मी त्यांना मामा म्हणतो. मी शेजारीच उभा होतो आणि गप्प राहिलो. संध्याकाळी केबिनमध्ये जाऊन मालकांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "झालं ते झालं. आता पोरांसमोर काढू नको, उद्या तुझं कोण ऐकणार नाही." मामांची माफी मागितली, ते "असू दे" म्हणाले. पण झापलेलं चौदा जणांनी ऐकलं आणि माफी एकट्या मामांनी.

तेव्हापासून ड्रॉइंग घेऊन शंका विचारायला कोणी येत नाही. परवा एका पोराने बिघडलेला जॉब गुपचूप स्क्रॅपच्या ढिगात खाली सारला. गटांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात रुग्णालयांच्या अभ्यासात दिसलं होतं की चांगल्या चालणाऱ्या गटांत चुकांची नोंद जास्त होते, कारण तिथे माणसं चूक बोलून दाखवतात. आमच्या रजिस्टरमध्ये या महिन्यात रिजेक्शन कमी दिसतंय, आणि मला त्याचीच धास्ती वाटते.

सोमवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सांगायचं ठरवलंय. मालकांना आधी कल्पना देऊ का? नको म्हणाले तरी मी बोलणारच आहे, म्हणून विचारतोय. मामांना मात्र आधी विचारीनच, त्यांचा विषय पुन्हा चारचौघांत निघणार.

शिवाय भाषेचं. माझं कन्नड कामापुरतं. "तप्पु नंदु" (चूक माझी) एवढं नीट म्हणेन, पण पुढचं सगळं मराठीत बोललो तर निम्म्यांना ते सांगोवांगीच कळणार. मोडकंतोडकं का होईना, दोन्ही भाषांत मीच बोलावं का?

कोणी असं केलं असेल तर तुम्ही पहिलं वाक्य काय बोललात, तेवढं तरी सांगा.