फ्लाय अॅशमधली काच मोजणं सक्तीचं करावं का?

कोराडीकर: मंडळी, माझं मत सरळ आहे: फ्लाय अॅश म्हणजे वीज केंद्रात कोळसा जाळून उरणारी राख; ती सिमेंट-काँक्रीटमध्ये मिसळायची तर प्रत्येक लॉटसोबत त्यात काच किती याचा अहवाल हवाच. राखेचं भारतीय मानक आयएस ३८१२, त्यानुसार सिलिका, अॅल्युमिना आणि लोह ऑक्साईड मिळून ७० टक्के भरले की रसायनाचा मुख्य रकाना पास. पण त्या ७० मध्ये क्वार्ट्झ आणि मुलाइट हे स्फटिकही धरलेले असतात, आणि ते सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याला ढिम्म दाद देत नाहीत. चुन्याशी जुळून ताकद देते ती बॉयलरमध्ये वितळून झटकन निवलेली काच. एक्सआरडीच्या, म्हणजे क्ष-किरणांनी खनिजं ओळखायच्या चाचणीच्या आलेखात टोकदार शिखरांच्या खाली २० ते ३० अंशांदरम्यान जो पसरट फुगवटा दिसतो, तो तिचाच.

साइटवाला: कोणाच्या पैशानं? आमच्याकडे काँक्रीटचे क्यूब फोडून ताकद मोजायचं मशीन धड चालत नाही, तुम्ही एक्सआरडी सांगताय! त्याच आयएसमध्ये लाइम रिअॅक्टिव्हिटीची चाचणी आहे की. राख-चुन्याच्या नमुन्याची ताकद किमान ४.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. काच किती यापेक्षा राख चुन्यासोबत किती ताकद धरते, ते थेट कळतं. आणि राखेच्या काँक्रीटला निदान १० दिवस पाणी मारा, असं काँक्रीटचं मानक आयएस ४५६ सांगतं. किती जण मारतात? सातव्या दिवशी पाइप गुंडाळतात आणि खापर राखेवर.

कोराडीकर: क्युरिंगचं शंभर टक्के मान्य. पण तुमची चाचणी म्हणजे २ दिवस ओल्या गोणपाटाखाली आणि ८ दिवस ५० अंशांना. निकाल येईतो राखेचा टँकर (बल्कर) रिकामा होऊन स्लॅब पडलेला असतो. एक्सआरडीला इतके दिवस लागत नाहीत.

वीटवाली: तुमचं भांडण सुक्या राखेचं. आमच्या राखेच्या विटांच्या यार्डात, केंद्र पाण्यासोबत राख सोडतं त्या तळ्यातली येते. मुठीत घेतली की बॉयलरच्या तळाला पडणाऱ्या राखेचे खरखरीत खडे टोचतात, मध्येच न जळलेला काळा कोळसा. अहवाल सक्तीचा झाला की चांगली राख सिमेंटवाले उचलणार, आम्हाला गाळ.

नदीकाठ: २०२२ च्या जुलैत नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला, राख शेतात आणि नाल्यात गेली. अशी तळी आधी रिकामी करा. भरावाला, रस्त्याला काच लागते कशाला?

कोराडीकर: भरावाला नकोच. मी सिमेंट-काँक्रीटपुरतं बोलतोय. लॉटमागे नाही जमलं तर वीज केंद्रानं कोळसा बदलला की तरी करावं.

वीटवाली: मग तळ्याच्या राखेचीही करा, आणि खर्च केंद्राच्या खात्यावर. आमच्या विटेच्या दरात नको.